डॅनियल बून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईवडील, केंटकीला फिरायला निघालेली कुटुंबं आणि इतिहासाची आवड असलेले वाचक गेली काही वर्षं मला बूनविषयी प्रश्न पाठवतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अवघड. एखाद्या गोष्टीचा तपशील दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॅनियल बून नक्की कोण होता? एका परिच्छेदात सांगा.

अठराव्या शतकातला शिकारी, वाटाड्या, जमीन मोजणारा आणि वसाहतीचा पुढारी. जन्म १७३४, पेनसिल्व्हेनिया. मृत्यू २६ सप्टेंबर १८२०, मिसूरी. ॲपलाचियन डोंगररांगेच्या पूर्वेला इंग्रजांच्या वसाहती होत्या आणि पश्चिमेला केंटकीचं जंगल. त्या डोंगरातून वाट पाडून पहिल्या वस्त्यांपैकी एक त्याने उभी केली, तिचं नाव बून्सबरो. पुढे तो व्हर्जिनियाच्या विधिमंडळात अनेकदा निवडून गेला आणि मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेत, लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढला. आयुष्याच्या शेवटी मात्र त्याच्या नावावर केंटकीत वीतभरही जमीन उरली नव्हती.

२. त्याच्या जन्मतारखा दोन का सापडतात?

२२ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर, दोन्ही बरोबर आहेत. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये जुनी दिनदर्शिका सोडून नवी घेतली, तेव्हा अकरा दिवस गळाले. २२ ऑक्टोबर ही जुन्या गणतीची तारीख, २ नोव्हेंबर ही नव्या. मुलाच्या प्रकल्पात २ नोव्हेंबर १७३४ लिहा.

३. तो अडाणी होता का?

नाही. त्याला लिहितावाचता येत होतं, हिशेब येत होता, जमिनीची मोजणी येत होती. शाळेत मात्र तो फारसा गेला नाही आणि त्याचं स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं असे. १७९६ चं एक पत्र शिल्लक आहे. त्याने पाडलेली वाट आता बैलगाड्या जातील अशी रुंद करायचं केंटकी सरकारने ठरवलं होतं. एकसष्ट वर्षांच्या बूनने गव्हर्नर आयझॅक शेल्बीला लिहिलं की हा रस्ता आधी मीच आखला, तेव्हा या कामावर माझा हक्क आहे असं मला वाटतं. प्रत्येक ओळीत स्पेलिंगच्या चुका आहेत. काम त्याला मिळालं नाही. बूनवरची जाडजूड चरित्रं वाचूनही जो माणूस हाताला लागत नाही, तो मला या अर्ध्या पानाच्या पत्रात भेटला.

४. केंटकीचा शोध त्यानेच लावला ना?

शाळेच्या पुस्तकांत असं वाक्य असतं, पण ते खोडायला हवं. मूळ रहिवासी तिथे हजारो वर्षांपासून होते, आणि डोंगरातली जी खिंड बूनच्या नावाशी जोडली जाते ती कंबरलँड गॅप ही गव्यांची आणि योद्ध्यांची जुनी वाट होती. गोऱ्यांपैकीही बून पहिला नव्हता. डॉ. थॉमस वॉकर १७५० मध्येच या खिंडीतून आत गेला होता. बूनला केंटकीची ओढ लावली ती जॉन फिंडली नावाच्या व्यापाऱ्याने. १७५५ मध्ये ब्रिटिश सेनापती जनरल ब्रॅडॉकच्या फौजेत दोघे बरोबर होते, बून गाडीवान म्हणून. फिंडली तिथे शिकारीने भरलेल्या रानाच्या गोष्टी सांगायचा. चौदा वर्षांनी तोच फिंडली बूनच्या दारात उभा राहिला आणि मे १७६९ मध्ये ते निघाले.

वस्तीच्या बाबतीतही हॅरडस्टाउन, म्हणजे आजचं हॅरड्सबर्ग, बून्सबरोच्या आधीचं. १७७४ चं.

५. मग ती जमीन होती कुणाची?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

ओहायो नदीच्या उत्तरेला शॉनी राहत, दक्षिणेला चेरोकी. मधलं केंटकी हे दोघांचं, आणि इतरही काही जमातींचं, शिकारीचं रान. गावं कमी, म्हणून बाहेरच्याला ते रिकामं दिसे. १७६३ मध्ये ब्रिटिश राजाने जाहीरनामा काढून डोंगरापलीकडे वस्ती करायला मनाई केली. १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात उत्तरेकडच्या इरोक्वॉय जमातींच्या संघाने ओहायोच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना लिहून दिला. तिथे शिकार करून जगणाऱ्या शॉनींना कुणी विचारलं नाही. मग मार्च १७७५ मध्ये सिकमोर शोल्स इथे रिचर्ड हेंडरसन या वकिलाने चेरोकींकडून सुमारे दोन कोटी एकरांचा सौदा केला. मोबदल्यात गाड्या भरून कापड, बंदुका, भांडी वगैरे माल. चेरोकींतला तरुण नेता ड्रॅगिंग कनू याने त्या बैठकीतच विरोध केला. बून हा हेंडरसनचा माणूस होता. चेरोकींना बैठकीला जमवण्यात त्याचा हात होता.

शॉनींनी बूनला आधी समजही दिली होती. डिसेंबर १७६९ मध्ये कॅप्टन विल नावाच्या नायकाच्या टोळीने त्याला पकडलं, जमवलेली सगळी कातडी काढून घेतली आणि सोडून दिलं. पुन्हा आलात तर गांधीलमाश्या डसतील, एवढं सांगून. हरणाचं कातडं हा तेव्हा चलनासारखा माल होता. इंग्रजीत डॉलरला ‘बक’, म्हणजे नर हरीण, म्हणतात ते तिथूनच आलं असं मानतात. शॉनींच्या नजरेने पाहिलं तर चोरीचा माल जप्त झाला होता आणि चोराला जिवंत सोडलं होतं.

६. ‘विल्डरनेस रोड’ म्हणजे रस्ता होता की पायवाट?

सुरुवातीला पायवाटच. १७७५ च्या वसंतात बून सुमारे तीस कुऱ्हाडवाल्यांना घेऊन निघाला. जुन्या वाटा जोडायच्या, वेली आणि झुडपं तोडायची, झाडांवर खुणा करायच्या. सुमारे ३२० किलोमीटर. घोडा जाईल एवढी वाट झाली. गाड्यांना ती १७९६ नंतर मोकळी झाली.

परिणाम आकड्यांत पाहा. १७९० च्या जनगणनेत केंटकीत ७३,६७७ माणसं होती, १८०० मध्ये २,२०,९५५. यातले कितीतरी याच वाटेने आले. १७९० च्या आकड्यात १२,४३० गुलाम आहेत, तेही चालत आले होते (प्रश्न १२ पाहा).

७. त्याच्या मुलीला पळवून नेलं होतं ती गोष्ट खरी का?

खरी. १४ जुलै १७७६, रविवार. जेमायमा बून आणि कॅलवे घराण्यातल्या दोन बहिणी नदीत होडी घेऊन गेल्या होत्या. शॉनी आणि चेरोकींच्या एका छोट्या टोळीने त्यांना उचललं. मुली घाबरल्या, पण गप्प बसल्या नाहीत. फांद्या मोडत, कपड्यांच्या चिंध्या टाकत, टाच मातीत रुतवत गेल्या. तिसऱ्या दिवशी बूनच्या माणसांनी टोळीला गाठलं आणि तिघींना सुखरूप सोडवलं. जेमायमाने पुढे सांगितलं की पळवणाऱ्यांनी आमच्याशी वागताना सभ्यता सोडली नाही. गोष्ट रंगवून सांगणारे बहुतेक जण हे वाक्य गाळतात.

८. शॉनींनी त्याला दत्तक घेतलं होतं म्हणतात. शत्रूला दत्तक कसं घेतील?

आधी मीठ. मांस टिकवायला मीठ लागायचं, आणि बून्सबरोतलं मीठ संपलं होतं. जानेवारी १७७८ मध्ये बून सुमारे तीस जणांना घेऊन ब्लू लिक्स इथल्या खाऱ्या झऱ्यावर गेला. तिथलं पाणी इतकं पातळ खारं की एक पोतंभर मिठासाठी शेकडो गॅलन पाणी मोठमोठ्या कढयांत आटवावं लागे. आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस चुली, लाकूडतोड, धूर. बून या माणसांसाठी शिकार करायचा. ७ फेब्रुवारीला बर्फ पडत होता आणि तो मांस लादलेला घोडा घेऊन परतत होता, तेव्हा शॉनींच्या हाती सापडला.

नायक ब्लॅकफिश शंभरावर योद्धे घेऊन बून्सबरोवर चालला होता. कारणही ताजं होतं: शॉनींचा नेता कॉर्नस्टॉक बोलणी करायला अमेरिकनांच्या किल्ल्यात गेला असता नोव्हेंबर १७७७ मध्ये त्याचा खून झाला होता. बूनला माहीत होतं की गावाची तटबंदी अर्धवट आहे. त्याने सौदा केला. मीठवाले न लढता शरण येतील, गावातली बायकामुलं थंडीत मरतील, तेव्हा वसंतात या, मी सगळ्यांना तुमच्याकडे आणतो. कैद्यांना मारायचं का यावर शॉनींनी मतं घेतली. पाँपी नावाचा कृष्णवर्णीय दुभाषा बूनच्या कानात भाषांतर करत होता. मोजक्या मतांनी कैदी वाचले.

शॉनींमध्ये मेलेल्या माणसाच्या जागी कैद्याला घरात घ्यायची रीत होती, आणि ते नुसतं नावापुरतं नसे. ब्लॅकफिशने बूनला मुलगा मानलं. नाव ठेवलं शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव. चार महिने तो त्यांच्यात राहिला, शिकारीला गेला, बंदुका दुरुस्त केल्या. मोठी चढाई होणार हे कळताच १६ जून १७७८ ला निसटला आणि सुमारे २५० किलोमीटर पाच दिवसांत काटून बून्सबरोला पोचला. घर रिकामं होतं. तो मेला असं समजून त्याची बायको रिबेका मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला माहेरी गेली होती. मागे एकटी जेमायमा थांबली होती.

९. मग त्याच्यावर खटला का चालला? तो फितूर होता का?

सप्टेंबर १७७८ मध्ये ब्लॅकफिश चारशेच्या वर योद्धे घेऊन आला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, त्यामुळे ब्रिटिशांच्या बाजूचे काही फ्रेंच कॅनेडियनही बरोबर होते. आत बंदूक चालवू शकणारे जेमतेम साठ. बूनने वेळकाढू बोलणी लावली, तह झाला, आणि हस्तांदोलनाच्या वेळी झटापट होऊन गोळीबार सुरू झाला. वेढा सुमारे दहा दिवस चालला. शॉनींनी नदीकाठाकडून भुयार खणलं, ते पावसाने ढासळलं.

वेढा उठल्यावर रिचर्ड कॅलवे आणि बेंजामिन लोगन यांनी बूनवर लष्करी खटला भरला. त्याने आपली माणसं शत्रूच्या स्वाधीन केली, ब्रिटिशांशी संधान बांधलं, असे आरोप. कॅलवेचा पुतण्या त्या मीठवाल्यांत होता, त्याचा राग समजण्यासारखा आहे. बूनने सांगितलं की ती सगळी बतावणी होती. तो निर्दोष सुटला, वर मेजर झाला. पण हा खटला त्याला इतका लागला की पुढे त्याविषयी तो बोलतच नसे.

माझं मत विचाराल तर: गाव वाचलं ते त्या फेब्रुवारीतल्या थापेमुळे. पण ती थाप ज्याला मारली त्याने बूनला मुलगा म्हणून घरात घेतलं होतं. ब्लॅकफिश १७७९ मध्ये केंटकीकरांच्या हल्ल्यातल्या जखमेने मेला. मेजर झालेल्या बूनच्या कथेत त्याच्यासाठी एक ओळ तरी हवीच.

१०. ब्लू लिक्सची लढाई महत्त्वाची का मानतात?

यॉर्कटाउनला ब्रिटिशांनी शस्त्रं खाली ठेवून दहा महिने झाले होते, तरी सरहद्दीवर लढाई चालूच होती. १९ ऑगस्ट १७८२ ला सुमारे १८० केंटकीकर शत्रूच्या मागावर याच मिठाच्या झऱ्यापाशी आले. पायवाट मुद्दाम ठळक ठेवलेली दिसते, पुढे दबा आहे, मदत येईपर्यंत थांबू, असं बून म्हणाला. ह्यू मॅक्गॅरी नदीत घोडा घालून ओरडला की भित्रे नसतील त्यांनी मागे या. सगळे गेले, बूनही गेला. काही मिनिटांत सत्तरच्या आसपास माणसं पडली. त्यात बूनचा मुलगा इझरेल होता. थोरला जेम्स १७७३ मध्येच, सोळाव्या वर्षी, केंटकीच्या वाटेवर हालहाल होऊन मारला गेला होता. दोन्ही मुलगे बापाने दाखवलेल्या वाटेवर गेले.

११. इतक्या जमिनी मोजूनही तो कफल्लक कसा झाला?

व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने जुन्या वसाहतवाल्याला चारशे एकर आणि शेजारची हजार एकर घ्यायचा पहिला हक्क मिळे. पण जमीन हातात पडायला चार पायऱ्या: परवाना घ्या, नोंद करा, मोजणी करून घ्या, शेवटी सरकारी पट्टा मिळवा. हद्दीच्या खुणा म्हणजे एखादं ओकचं झाड, ओढ्याचं वळण, कुणाची तरी झोपडी. झाड पडलं की हद्द गेली. एकाच तुकड्यावर तीन-चार जणांचे दावे, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले.

बूनने हजारो एकरांवर दावे केले, इतरांसाठी मोजण्याही केल्या. त्याच्या काही मोजण्या सदोष निघाल्या आणि लोकांनी भरपाई मागितली. नोंदी वेळेत पुऱ्या केल्या नाहीत. कोर्टात जाऊन भांडायचा त्याला मनस्वी कंटाळा. १७८० मध्ये शेजाऱ्यांनी परवाने घ्यायला विश्वासाने दिलेले पैसे घेऊन तो निघाला आणि वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी ते चोरीला गेले. काहींनी माफ केलं, काहींचं तो कित्येक वर्षं फेडत राहिला. हेंडरसनचा सौदा व्हर्जिनियाने १७७८ मध्ये रद्द केला. हेंडरसनच्या कंपनीला दोन लाख एकर भरपाई मिळाली. वाट पाडणाऱ्याला त्यातलं काही नाही.

१७९८ मध्ये केंटकीने एका काउंटीला त्याचं नाव दिलं. त्याच वर्षी कोर्टात हजर राहिला नाही म्हणून त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं.

१२. बूनने गुलाम बाळगले होते का?

हो. १७८७ च्या सुमारास लाइमस्टोन, आजचं मेझव्हिल, इथे त्याची खानावळ आणि दुकान होतं, तेव्हा त्याच्याकडे सात गुलाम होते. तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात जन्मला, पण मुलांनी पंथाबाहेर लग्नं केल्यामुळे त्याच्या वडिलांना पंथाने १७४८ मध्ये काढून टाकलं होतं. सरहद्दीच्या गोष्टीत काळी माणसं कडेला दिसतात, त्यांना मध्ये आणायला हवं. जेम्सवरच्या हल्ल्याचा तपशील आपल्याला कळतो तो ओंडक्यांमागे लपून सगळं पाहणाऱ्या ॲडम या गुलामामुळे. बून्सबरोच्या वेढ्यात आतून लढताना मेलेला लंडन हाही गुलामच होता.

१३. रिबेकाविषयी कुणीच का लिहीत नाही?

कारण तिने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. लग्न १४ ऑगस्ट १७५६, मुलं दहा. नवरा एकदा गेला की महिनोन्‌महिने नाही. १७६९ ला गेलेला १७७१ ला आला. शेती, गुरं, शिकार, कर्जवाले, आईवेगळी झालेली नात्यातली पोरं, सगळं तिच्यावर. १७७३ मध्ये जेम्सचं प्रेत गुंडाळायला तिने तागाची चादर पाठवली असं घरात सांगत. १८१३ च्या मार्चमध्ये, मेपलच्या साखरेच्या हंगामात ती आजारी पडली आणि गेली. लग्नाला छप्पन्न वर्षं झाली होती. बून त्यानंतर फारसा सावरला नाही.

१४. शेपटीवाली फरची टोपी तो घालायचा ना?

नाही. तो रुंद काठाची फेल्ट हॅट घाले. रॅकूनच्या कातड्याची टोपी दूरदर्शनने त्याच्या डोक्यावर ठेवली. फेस पार्कर या नटाने १९५० च्या दशकात डेव्ही क्रॉकेटचं काम केलं, टोपीसकट. तोच १९६४ ते १९७० या काळात बून झाला आणि टोपी बरोबर आली. क्रॉकेट निराळा माणूस: जन्म १७८६, टेनेसी, मृत्यू १८३६, ॲलमो. मुलाच्या वेशभूषेसाठी टोपी आणली असेल तर क्रॉकेटची म्हणा.

१५. झाडावर ‘बूनने अस्वल मारलं’ असं कोरलेलं आहे, ते खरं का?

अशी बरीच झाडं दाखवतात. सर्वांत प्रसिद्ध टेनेसीतलं, १७६० सालचं. पण त्यात आडनावाच्या शेवटचं ‘ई’ अक्षर नाही. स्पेलिंगमध्ये कितीही चुकला तरी बून स्वतःचं आडनाव ‘ई’ लावूनच लिहीत असे.

१६. इतके शिकारी होते, मग हाच जगप्रसिद्ध कसा?

जॉन फिल्सन या शिक्षकाने १७८४ मध्ये केंटकीवर पुस्तक काढलं. हेतू जमिनीला गिऱ्हाईक मिळवण्याचा. त्याला जोडून बूनच्या तोंडी घातलेली आत्मकथा छापली. घटना बूनने सांगितलेल्या, भाषा फिल्सनची, आणि फार अलंकारिक. तिचे फ्रेंच, जर्मन अनुवाद झाले आणि बून हयातीतच युरोपभर पोचला. त्याच्या समोर बसून काढलेलं चित्र मात्र एकच आहे: चेस्टर हार्डिंगने जून १८२० मध्ये, मृत्यूच्या तीन महिने आधी. म्हातारा इतका अशक्त होता की कुणाला तरी त्याचं डोकं धरून ठेवावं लागलं. कधी वाट चुकलात का, असं हार्डिंगने विचारलं. चुकलो नाही, पण एकदा तीन दिवस गोंधळलो होतो, असं तो म्हणाला.

१७. त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं?

सिकमोर शोल्सचा सौदा मार्च १७७५ चा, आणि रघुनाथरावाने साष्टी-वसई इंग्रजांना लिहून दिली तो सुरतेचा तहही मार्च १७७५ चा. बून्सबरोचा वेढा उठला आणि चार महिन्यांत, जानेवारी १७७९ मध्ये, वडगावला इंग्रज मराठ्यांना शरण आले. ब्लू लिक्सच्या तीन महिने आधी सालबाईचा तह झाला. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडेच आला.

१८. राष्ट्रपुरुष म्हणवणारा माणूस अमेरिका सोडून स्पेनच्या राज्यात गेला?

गेला, १७९९ मध्ये. मिसूरी तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. त्यांनी त्याला जमीन दिली आणि फेम ओसाज भागाचा न्यायाधीश व अधिकारी नेमलं. तो झाडाखाली बसून निवाडे करायचा, वकिलांशिवाय. १८०३ मध्ये अमेरिकेने तो मुलूख विकत घेतला आणि कागद पुरे नाहीत म्हणून ही जमीनही गेली. काँग्रेसने १८१४ मध्ये थोडी परत दिली. ती विकून त्याने केंटकीची जुनी देणी भागवली.

१९. आज पाहायला काय आहे?

पेनसिल्व्हेनियात बर्ड्सबरोजवळ जन्मस्थान. कंबरलँड गॅप राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. तिथे महामार्ग १९९६ पासून बोगद्यातून जातो, त्यामुळे जुन्या खिंडीतून पायी चालता येतं, आणि वेळ कमी असेल तर एवढंच करा. बून्सबरोचा किल्ला नव्याने बांधलेला आहे. डॅनियल बून राष्ट्रीय वनातून ‘शेल्टोवी ट्रेस’ ही लांब पायवाट जाते, खुणेवर कासव असतं. मिसूरीत डिफायन्सजवळ त्याच्या धाकट्या मुलाचं, नेथनचं, दगडी घर आहे. बून तिथेच वारला. शॉनींना भेटायचं तर ओक्लाहोमाला जावं लागेल. त्यांना तिकडे ढकललं गेलं, आज तीन मान्यताप्राप्त शॉनी जमाती तिथे आहेत.

२०. त्याच्या कबरी दोन कशा?

१८२० मध्ये त्याला मिसूरीत मार्थासव्हिलजवळ रिबेकाशेजारी पुरलं. १८४५ मध्ये केंटकीने दोघांचे अवशेष उकरून फ्रँकफर्टला नेले आणि मोठ्या समारंभाने पुन्हा पुरले. मिसूरीवाले म्हणतात चुकीची हाडं नेली, कारण रिबेकाच्या शेजारची जागा आधीच भरलेली होती आणि बूनला तिच्या पायाशी पुरलं होतं. १८४५ मध्ये कवटीचा प्लास्टरचा साचा घेतला होता. १९८३ मध्ये एका तज्ज्ञाने तो तपासून म्हटलं की ही कवटी कृष्णवर्णीय माणसाची असू शकेल. साचा ओबडधोबड आहे, त्यावरून ठाम सांगता येत नाही, असं इतर तज्ज्ञांचं म्हणणं. त्या दफनभूमीत गुलामांनाही पुरत असत, खुणेचा दगड न लावता.

दोन्हीकडे दगड आहेत. शक्य असेल तर दोन्हीकडे जा.